एक मादी, वर्षाला दोन वेतं, दोन लाख नफा? मोठ्या कुत्र्यांच्या ब्रीडिंगचा खरा हिशोब



या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांत गुंडाळावा लागला आणि नेमका हिशोबच अर्धा राहिला. तो इथे पूर्ण मांडतो. जरा मोठा लेख आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी जण हा कागद घेऊन येतो. तीस हजारांची लॅब्राडॉर मादी. वर्षाला दोन वेतं, प्रत्येकी आठ पिल्लं, म्हणजे सोळा. पंधरा हजारांनी विकली की दोन लाख चाळीस हजार. खाण्याचे महिन्याला चार हजार वजा केले की एक लाख ब्याण्णव हजार निव्वळ. "सर, अशा पाच माद्या ठेवल्या तर?"

गणित बरोबर आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते, चुकलेली असतात ती कागदावर आलेलीच नाहीत अशी कलमं.

पहिलं कलम कायद्याचं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. व्यवसाय म्हणून ब्रीडिंग करायचं असेल तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फी पाच हजार रुपये, नोंदणी दोन वर्षांची. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय मेटिंग नाही, त्याआधी पशुवैद्यकाचा दाखला. बारा महिन्यांत एकच वेत, आणि लागोपाठ दोन हीटवर मेटिंग करायचं नाही. आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेतं, आणि आठ वर्षांनंतर बंद. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही. प्रत्येक कुत्र्याची नोंद, लसीकरणाची नोंद, मायक्रोचिप.

म्हणजे "वर्षाला दोन वेतं" हे कलम पहिल्याच ओळीत बाद. निम्मा धंदा इथेच गेला. कोणी म्हणेल, "पण सर, करतात की सगळे!" करतात. चौकात विनाहेल्मेटही जातात. तुम्ही धंदा उभा करायला निघालात, पकडलं जाईपर्यंत चालवायला नाही, असं धरून मी पुढे लिहितोय.

दुसरं कलम जास्त मोठं आहे आणि ते कुठल्याच सरकारी कागदावर नाही. ते कुत्र्याच्या खुब्यात आहे.

मोठ्या जातींचं वजन झपाट्याने वाढतं. जन्मताना साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचं लॅबचं पिल्लू वर्षभरात पंचवीस-तीस किलोवर जातं. हाडं, स्नायू, सांधे यांची वाढ एकमेकांशी जुळली नाही की खुब्याची वाटी आणि मांडीच्या हाडाचा गोळा नीट बसत नाहीत. सांधा सैल राहतो, घासतो, झिजतो. याला हिप डिसप्लेशिया म्हणतात. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या सगळ्या जातींत तो दिसतो. कोपराचाही असाच आजार असतो.

यातली अडचण समजून घ्या. दोन महिन्यांच्या पिल्लात हे बाहेरून काहीही दिसत नाही. पिल्लू गुबगुबीत, खेळकर, झकास. ग्राहक खूश, विकणारा खूश. बिल फाडून आठ-दहा महिने झाले की मग कुत्रं उठताना कण्हायला लागतं.

दुकान सुरू केलं तेव्हा मीही पिल्लं ठेवायचो. पेट शॉपचे नियम २०१८ मध्ये आले, ही त्याआधीची गोष्ट. एक ब्रीडर पिल्लं आणून द्यायचा, मला एका पिल्लामागे दीड हजार मिळायचे. एसटीतून रिटायर झालेल्या एका काकांनी माझ्याकडून जर्मन शेफर्ड नेला. फंडातल्या पैशातून. पेपर होते, आई-वडिलांचे फोटो होते, वडिलांच्या नावापुढे चॅम्पियन लिहिलेलं होतं. दहाव्या महिन्यात काका दुकानात आले, म्हणाले, "अरे, हा जिना चढताना ससा उडी मारतो तशा दोन्ही मागच्या पायांनी उड्या मारतोय, नखरे करतोय का?" तो नखरा नव्हता. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे खराब निघाले. मोठं ऑपरेशन काकांच्या आवाक्यातलं नव्हतं. ब्रीडर म्हणाला, "तुम्ही फरशीवर ठेवलंत, म्हणून." काका माझ्याशी कधी भांडले नाहीत. पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला सांध्याच्या गोळ्यांचा डबा न्यायला येत राहिले, माझ्याच दुकानात. आणि त्या डब्यावर मला वीस टक्के मार्जिन होतं.

पिल्लं विकणं मी त्या वर्षी बंद केलं. गोळ्या मात्र त्यांना खरेदीच्या भावाने द्यायला लागलो. फार उशिरा, पण असो.

ब्रीडरने फरशीचं कारण दिलं, त्याबद्दल एक सांगतो, कारण अशी अर्धवट माहिती सगळे फेकतात. हा आजार एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे, आणि त्यात पालनपोषणाचाही वाटा असतो. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलँड, लॅब्राडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींवर अभ्यास झाला. त्यात दिसलं की तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांमध्ये धोका जास्त होता, आणि त्याच वयात मोकळ्या जागेत बिनदोरीने हुंदडणाऱ्या पिल्लांमध्ये कमी. म्हणजे सांभाळ महत्त्वाचा आहेच. पण त्या तीन महिन्यांतले पहिले दोन महिने पिल्लू कोणाकडे असतं? ब्रीडरकडे. आणि आई-वडिलांचे खुबे तपासायचे की नाही हे कोण ठरवतं? तेही ब्रीडरच.

मग तपासायचं काय? नर आणि मादी दोघांचे खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे. अमेरिकेत १९६६ पासून ओएफए नावाची संस्था हे एक्स-रे पाहून श्रेणी देते, आणि अंतिम श्रेणी कुत्रं चोवीस महिन्यांचं झाल्यावरच देते, कारण त्याआधी सांधा पूर्ण तयार झालेला नसतो. आपला कायदा अठरा महिने म्हणतो, पण माझ्या मते मोठ्या जातीत दोन वर्षांच्या आत मेटिंग करायचा विचारच करू नका. एक्स-रे काढताना कुत्र्याला हलकी गुंगी द्यावी लागते आणि पाय अगदी सरळ ठेवावे लागतात. वाकडा काढलेला एक्स-रे काहीच सांगत नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं, विदर्भात नागपूरचं, इथे जाऊन विचारा. खाजगी डॉक्टरही चांगले आहेत, फक्त आधी विचारा, "खुब्यांसाठी म्हणून किती एक्स-रे काढलेत?"

दोघांचे खुबे उत्तम असले तरी एखादं पिल्लू खराब निघू शकतं. अनेक जनुकांचा मामला आहे म्हटलं ना. पण धोका कमी होतो, आणि तुम्ही ग्राहकाच्या डोळ्याला डोळा देऊन एक्स-रे टेबलावर ठेवू शकता.

काही आजार मात्र एकाच जनुकाचे असतात आणि तिथे गणित स्वच्छ असतं. लॅब्राडॉरमध्ये दोन लक्षात ठेवा. एक, हळूहळू आंधळं करणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, पीआरए. दुसरा, जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडतात तो ईआयसी. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन डीएनए टेस्ट होते. कुत्रं पूर्ण निर्दोष असतं, नाहीतर वाहक, म्हणजे स्वतःला काही नाही पण दोष पुढे देऊ शकतं, नाहीतर बाधित. वाहक आणि निर्दोष यांची जोडी लावली तर एकही पिल्लू बाधित होत नाही. वाहक आणि वाहक लावले तर सरासरी चारात एक बाधित. म्हणजे वाहक निघालेली चांगली मादी फेकून द्यायची नाही, तिला जोडीदार पाहून द्यायचा. टेस्ट न करता जोडी लावणं म्हणजे पावती न पाहता माल उचलण्यासारखं आहे.

ग्रेट डेन, डॉबरमन घेणाऱ्यांनी हृदयाची तपासणी, म्हणजे इको, यात धरा. त्या जातींत हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार दिसतो. खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचाही धोका असतो, आणि तो काही तासांत जीव घेतो. रॉटवायलरवाल्यांना वेगळं सांगतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो धरून २३ जातींची पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. एका परिपत्रकाने ज्याचा सगळा स्टॉक अडकू शकतो असा हा धंदा आहे, आणि तो स्टॉक रोज दोन वेळा जेवतो.

पेपरबद्दल. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं सर्टिफिकेट वंशावळ सांगतं. कोणाचं पिल्लू, कुठली लाईन, एवढंच. खुबे कसे आहेत हे ते सांगत नाही. "पेपर आहे म्हणजे हेल्दी आहे" हे वाक्य ग्राहकाला कधीही बोलू नका. उलट पेपर वापरा तो तीन पिढ्या मागे जाऊन एकच नाव दोन्ही बाजूंना येतंय का ते पाहायला. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं यांची जोडी लावली की पिल्लांचा अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के होतो, सावत्र भावंडांत साडेबारा. गावातल्या एकाच फेमस नराकडे सगळे गेले की चार वर्षांनी त्या गावात सगळीच भावंडं असतात. हे कोणी मुद्दाम करत नाही, होऊन जातं.

आता मेटिंग ते डिलिव्हरी. इथे मी डॉक्टर नाही, त्यामुळे धंद्याच्या अंगाने जेवढं माहीत असायलाच हवं तेवढंच.

मेटिंगआधी दोन्ही कुत्र्यांची ब्रुसेला टेस्ट. या जंतूने गर्भपात होतो आणि तो माणसालाही लागू शकतो. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांत जननेंद्रियाची एक गाठ, टीव्हीटी, सर्रास दिसते आणि ती मेटिंगमधून पसरते, म्हणून नराची नीट तपासणी. योग्य दिवस ठरवायला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. "अकराव्या दिवशी न्या" हा अंदाज कित्येक माद्यांत चुकतो. गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. या काळात मादीला कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. वरून जास्त कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःचं कॅल्शियम हाडातून काढायचं विसरतं, आणि विल्यावर दूध सुरू झालं की एकदम कमी पडून झटके येतात. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त मागितली जाणारी बाटली कॅल्शियमचीच आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांनाही तेच. त्यांच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. लार्ज ब्रीड पपी असं लिहिलेलं चांगलं खाद्य देत असाल तर बाटली नको. हे सांगून मी रोज गिऱ्हाईक परत पाठवतो.

विण्याच्या पेटीला आतल्या बाजूने, जमिनीपासून चार इंचांवर, सगळीकडून एक आडवी पट्टी ठोका. तीस किलोची आई भिंतीला टेकून बसली की मागे अडकलेलं पिल्लू चिरडतं, पट्टीखाली त्याला जागा मिळते. शंभर-दोनशे रुपयांच्या लाकडात एक-दोन जीव वाचतात. शेवटच्या आठवड्यात मादीचं तापमान रोज घ्या. ९९ फॅरनहाइटच्या खाली आलं की साधारण चोवीस तासांत कळा. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला तर थांबू नका, डॉक्टर. रात्री दोन वाजता फोन उचलणारा डॉक्टर आधीच ठरवून ठेवलेला हवा, आणि सिझेरियनचे पैसे वेगळ्या पाकिटात. पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचं तापमान राखता येत नाही, ऊब द्यावी लागते. रोज वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर चालेल. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं एक दिवस जरी घटलं तरी लक्ष द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूची खिडकी उघडी असते. मिक्सरचा आवाज, लहान मुलं, छत्री, पायपुसणं, वेगवेगळी माणसं, सगळं या काळात दाखवायचं. शेडमध्ये पत्र्यामागे वाढलेलं पिल्लू मोठेपणी पाहुण्यांना घाबरून चावतं. चाळीस किलोचं घाबरलेलं कुत्रं फ्लॅटमध्ये म्हणजे सोसायटीची मीटिंग, पोलीस, सगळं आलं.

आता कागद. हे माझ्या भागातले गोल आकडे आहेत, तुमच्याकडचे दर तुम्ही घाला. एक लॅब्राडॉर मादी, तिचं आयुष्य बारा वर्षं धरलं.

तपासलेल्या आई-बापांचं पिल्लू, पन्नास हजार. खाणं, लसी, गोचीड-जंताची औषधं मिळून महिन्याला पाच हजार, म्हणजे वर्षाला साठ आणि बारा वर्षांत सात लाख वीस हजार. हो, बारा वर्षं. आठव्या वर्षी वेतं बंद झाली म्हणून तिचं जेवण बंद होत नाही. टेस्ट आणि एक्स-रे वीस हजार. नोंदणी तीन वेळा, पंधरा हजार. जागा, जाळी, पेटी, साठ हजार. बेरीज आठ लाख पासष्ट हजार.

एका वेताचा खर्च: नराची फी वीस हजार, टेस्ट आणि सोनोग्राफी आठ, आईचं जादा खाणं आठ, आठ पिल्लांचं खाणं-जंतनाशक-लस-चिप प्रत्येकी साडेतीन म्हणजे अठ्ठावीस, मदतनीस आणि सफाई दहा, सिझेरियनची तरतूद पंधरा. एकूण एकोणनव्वद हजार. चार वेतं म्हणजे तीन लाख छप्पन हजार.

दोन्ही मिळून बारा लाख एकवीस हजार.

चार वेतांत सरासरी सात-सात पिल्लं हाती लागली तर अठ्ठावीस. एक पुढच्या पिढीसाठी तुम्ही ठेवणार. विकायला सत्तावीस. भागाकार करा. एका पिल्लामागे पंचेचाळीस हजार दोनशे रुपये, आणि यात तुमच्या बारा वर्षांच्या मेहनतीचा एक रुपया नाही. हा नफा नाही, ब्रेक-इव्हन आहे. वर कॅश फ्लो असा, की पहिलं पिल्लू विकेपर्यंत अडीच वर्षं जातात आणि तोपर्यंत पावणेचार लाख खिशातून गेलेले असतात.

आता बाजारातल्या पंधरा हजारांच्या पिल्लाकडे बघा. तिथे तीस हजारांचा फरक कुठून निघाला असेल? टेस्ट नाही, आई आठ वर्षांनंतर घरात नाही, वर्षाला दोन वेतं, पिल्लू पस्तिसाव्या दिवशी विकलेलं. भाव कमी करायला दुसरी जागाच नाही. या भावाशी स्पर्धा करायला गेलात तर तुम्हालाही यातलंच काहीतरी कापावं लागेल.

मग हे करायचंच नाही का? माझं मत स्पष्ट आहे: मुख्य धंदा म्हणून नाही. ज्यांना एक जात मनापासून कळते, एक-दोन माद्या घरात वाढवायच्या आहेत आणि उत्पन्न दुसरीकडून आहे, त्यांनी करावं, आणि नीट करावं. मी अशा दोन-तीन ब्रीडरना ओळखतो. ते मेटिंगच्या आधी किमान सहा नावांची यादी तयार ठेवतात. यादी नाही तर मेटिंग नाही. ग्राहकाला घरी बोलावतात, आई दाखवतात, उलट त्यालाच प्रश्न विचारतात: दिवसभर घरी कोण असतं, भाड्याचं घर आहे का, मालकाची परवानगी आहे का. करारात दोन ओळी ठरलेल्या. अमुक आनुवंशिक आजार इतक्या काळात निघाला तर काय परतावा, आणि कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने कुत्रं नकोसं झालं तर ते आमच्याकडेच परत आणायचं. दुसरी ओळ लिहायची तर घरात एक पिंजरा कायम रिकामा ठेवावा लागतो. तो खर्चही कागदात धरा.

पैसा कुत्र्यांच्या भोवती आहे. बोर्डिंग, ग्रूमिंग, ट्रेनिंग, घरपोच खाद्य. लॅब विकून तुम्हाला एकदा पैसे मिळतात, लॅब सांभाळणाऱ्याकडून बारा वर्षं दर महिन्याला. लॅबवरून आठवलं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी या जातीत भूक वाढवणारा एक जनुकीय बदल शोधला, तो जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये सापडतो. ते ताटाकडे बघत बसतात ते उगाच नाही. पण खायला घालणारे आपण. अमेरिकेत ४८ लॅबवर चौदा वर्षं चाललेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात पंचवीस टक्के कमी खाणारी कुत्री जोडीदारांपेक्षा जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. खाद्य विकणारा माणूस हे लिहितोय, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि मोठं, देखणं, आपल्या उन्हात टिकणारं कुत्रं हवं असेल तर सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या वाड्यावस्त्यांवरचं कारवानी बघा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुळाला नाव मिळवून दिलं, आज कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला त्यासाठी संशोधन केंद्र आहे. वजनाने हलकं, उंचीने भरपूर, आणि मोकळं रान लागतं. फ्लॅटवाल्याला देऊ नका, कितीही पैसे देत असला तरी.

नोंदणीच्या अर्जाची चौकशी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात करा, आणि जागेसाठी नगरपालिकेत वेगळी. पुढच्या व्हिडिओत दहा पिंजऱ्यांच्या बोर्डिंगचा हिशोब घेतोय, दिवाळी आणि मे महिन्याच्या बुकिंगसकट. वरचा कागद तुमच्या गावच्या दराने भरून बॅचला येताना घेऊन या. पेन्सिलने भरा, खोडायला लागेल.